नैनितालचे गिर्दा

छंद या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात. एक अर्थ कवितेचा, दुसरा मनाच्या ओढीचा. कवितेचा छंद मात्रांनी आणि यतींनी बांधलेला असतो. मनाचा छंद मात्र स्वैर, कोणाला न जुमानणारा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शिवाय छंद हा ज्याचा त्याचा खाजगी मामला, असेही आपण धरून चालतो. दिवसभराचे काम आटोपावे, घरी यावे, आणि मग कोणी सतार काढावी, कोणी कुंचला हाती घ्यावा, कोणी जुनी नाणी पुसून लखलखीत करावीत. त्यातून त्या गृहस्थाला विरंगुळा मिळतो. शेजाऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते. आज मी ज्या गृहस्थांविषयी बोलणार आहे, त्यांच्यापाशी छंदांना तोटा नव्हता. पण त्यांचा एकही छंद त्यांच्या एकट्याचा राहिला नाही. तो पाहता पाहता साऱ्या गावाचा होऊन बसला.

या गृहस्थांचे नाव गिरीशचंद्र तिवारी. पण हे नाव नैनितालात फारसे कोणी घेत नाही. तेथे ते सर्वांचे ‘गिर्दा’. कुमाऊँच्या बोलीत थोरल्या भावाला ‘दा’ म्हणतात. आपल्याकडे गिरीशदादा म्हणावे, तसे हे गिर्दा. हमालापासून प्राध्यापकापर्यंत आणि शाळकरी मुलापासून त्याच्या आजोबापर्यंत सारे त्यांना याच नावाने हाक मारीत. ते आजोबांचे दादा आणि नातवाचेही दादा. नात्यांच्या हिशोबात हे बसत नाही, हे खरे. परंतु गावाने एखाद्याला आपला म्हटले म्हणजे पिढ्यांचा हिशोब कोण ठेवतो?

नैनिताल हे नाव आपल्याला परिचयाचे आहे ते थंड हवेचे ठिकाण म्हणून. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० मीटर उंचीवर, सात टेकड्यांच्या ओंजळीत ठेवल्यासारखे एक हिरवेगार तळे. त्याच्या वरच्या टोकाला मल्लीताल, खालच्या टोकाला तल्लीताल, आणि दोहोंना जोडणारा मॉल रस्ता. इंग्रजांनी १८४१ नंतर हे गाव वसविले आणि पुढे ते संयुक्त प्रांताची उन्हाळी राजधानी झाले. उन्हाळा आला की मैदानातून माणसांचे लोंढे येतात, नावेत बसतात, छायाचित्रे काढतात आणि परत जातात. या नैनितालला दृश्य आहे, आवाज नाही. पण त्याच्या मागे दुसरे एक नैनिताल आहे. तेथे नावाडी राहतात, ओझी वाहणारे राहतात, शाळामास्तर, कारकून, दुकानदार आणि दूरच्या खेड्यांतून शिकायला आलेली मुले राहतात. हिवाळ्यात पाहुण्यांची वर्दळ ओसरली की हे दुसरे नैनिताल आपले आपल्याशी बोलू लागते. गिर्दा त्या नैनितालचे.

त्यांचा जन्म १९४५ सालचा, अल्मोड्याजवळ हवालबाग परिसरातील ज्योली या खेड्यातला. शिक्षण बेताचे झाले. पहाडातल्या बहुतेक तरुणांप्रमाणे त्यांनाही पोटासाठी मैदानी मुलखात उतरावे लागले, आणि तेथे रिक्षा ओढण्यासारखी अंगमेहनतीची कामेही करावी लागली. लखीमपूर-खिरीकडच्या त्या दिवसांत त्यांना सामाजिक कार्यकर्त्यांचा सहवास घडला आणि आयुष्याला दिशा मिळाली. पुढे १९६७ साली केंद्र सरकारच्या गीत व नाटक प्रभागात, नैनितालच्या केंद्रावर, त्यांना नोकरी लागली. हा प्रभाग मुळात १९५४ साली आकाशवाणीच्याच पोटात जन्मला आणि १९६० मध्ये स्वतंत्र झाला. शासनाच्या योजना लोकांना त्यांच्याच गाण्यांतून व खेळांतून समजावून सांगाव्यात, हा त्याचा हेतू. नैनितालच्या केंद्राची धुरा ब्रजेंद्रलाल साह यांच्यासारख्या, कुमाऊँच्या लोकसंगीतात मुरलेल्या कलावंताकडे होती. अशा ठिकाणी गिर्दांना मीठभाकरीची सोय तर मिळालीच. शिवाय खेडोपाडी हिंडण्याची आणि तिथली गाणी कानात साठवण्याची संधीही लाभली.

त्यांचे पहिले वेड म्हणजे हुडका. डमरूच्या घाटाचे, पण त्याहून मोठे असे हे चर्मवाद्य. ते खांद्याला अडकवून एका हाताने वाजवायचे आणि पट्ट्याच्या ताणाने त्याचा स्वर चढवायचा किंवा उतरवायचा. या वाद्याशी आपलीही जुनी ओळख आहे, हे बहुधा आपल्या ध्यानात नसेल. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात आपल्या ‘संगीतरत्नाकरा’त ‘हुडुक्का’ या वाद्याचे वर्णन केले आहे. कुमाऊँत आजही भातलावणीच्या वेळी बांधावर हुडका घेऊन गायक उभा राहतो. तो एक ओळ गातो, चिखलात ओणव्या झालेल्या बायका ती उचलून धरतात, आणि गाण्याच्या लयीवर रोपे जमिनीत जातात. या गाण्यांना ‘हुडकिया बौल’ म्हणतात. गिर्दांनी हुडक्याला शेताच्या बांधावरून उचलून शहराच्या चौकात आणले. मात्र त्याचे काम बदलले नाही. वाकलेल्या माणसांना एका लयीत धरून ठेवणे, हेच ते काम.

दुसरा छंद लोकगाथा गोळा करण्याचा. कुमाऊँ आणि नेपाळ यांच्या सीमेवरचे थोर गाथागायक झुसिया दमाई यांच्या गायकीचा अभ्यास त्यांनी आस्थेने केला. दमाई म्हणजे ढोल वाजविणारी, समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवलेली जात. तिवारी घराण्यातल्या ब्राह्मणाने त्या गायकाच्या पायाशी बसून वीरगाथा ऐकाव्यात, यात संशोधनाइतकेच शिष्यत्वही होते. गावातल्या इतर छांदिष्टांचे मला ठाऊक नाही. पण संग्राहक आणि शिष्य यांत फरक आहे, एवढे खरे. संग्राहक वस्तू घेऊन घरी जातो. शिष्य मागे थोडासा आपणच राहतो.

तिसरा छंद होळीचा. आपल्याकडे होळी म्हणजे एक रात्र आणि एक दिवस. कुमाऊँत ती ऋतूएवढी लांब असते. पौषातल्या पहिल्या रविवारपासून घरोघरी बैठकीची होळी सुरू होते. शास्त्रीय रागांतल्या त्या गीतांना घराण्याचे गवई लागत नाहीत. वाणी, वकील, कारकून, सारेच गातात. पुढे फाल्गुनातल्या एकादशीपासून उभी होळी येते. तेव्हा गोल रिंगण धरून, पावले टाकीत, अंगणाअंगणांतून गाणे फिरते. शहर बदलले, माणसे एकमेकांना अनोळखी झाली, तेव्हा ही गाणीही दिवाणखान्यांत कोंडली जाऊ लागली. गिर्दांनी आणि त्यांच्या मित्रांनी ती पुन्हा रस्त्यावर आणली. त्यांनी होळीगीतांचे संकलन केले, आणि पांढऱ्या टोप्या, गुलाल व हुडका यांच्यासह मिरवणुकीच्या अग्रभागी गातही राहिले.

नाटकाचा नाद तर विचारूच नका. १९७६ साली नैनितालात ‘युगमंच’ ही नाट्यसंस्था उभी राहिली, तिच्या उभारणीत गिर्दांचा मोठा हात होता. पुढे हिंदी चित्रपटांतून नावाजलेले निर्मल पांडे हे नट याच अंगणात वाढले. भारतेंदूंचे ‘अंधेर नगरी’, धर्मवीर भारतींचे ‘अंधा युग’ ही नाटके गिर्दांनी बसविली. ‘नगाडे खामोश हैं’ यासारखी स्वतःची नाटके लिहिली. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या नाटकांच्या यादीत एक नाव वाचून मी क्षणभर थबकलो. ते नाव ‘थँक यू मिस्टर ग्लाड’. आपल्या अनिल बर्व्यांचे हे नाटक! फाशीची शिक्षा झालेला क्रांतिकारक कैदी आणि त्याच्यावर पहारा ठेवणारा कर्दनकाळ तुरुंगाधिकारी यांच्या झुंजीचे. त्या झुंजीतून अधिकाऱ्याच्या अंतःकरणाला पाझर कसा फुटतो, याचे. मराठीतून निघालेली एक गोष्ट हिमालयाच्या कुशीत जाऊन उभी राहते आणि ती उभी करणारा स्वतः सरकारी नोकर असतो, ही घटना मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

कारण गिर्दांच्या आयुष्यातला खरा पेच येथेच होता. ज्या शासनाचा संदेश गाण्यातून लोकांकडे पोहोचविण्यासाठी त्यांना वेतन मिळे, त्याच शासनाकडे लोकांचे गाऱ्हाणे गाण्यातून पोहोचविण्याची वेळ त्यांच्यावर आली. साल १९७७. पहाडातील जंगलांचे लिलाव नैनितालात होत असत. डोंगर उघडा पडला की काय होते, हे या गावाला पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. १८ सप्टेंबर १८८० रोजी येथे कडा कोसळून १५१ माणसे दगडामातीखाली गाडली गेली होती. चमोलीकडच्या ‘चिपको’चे वारे तोवर कुमाऊँतही पोहोचले होते. लिलावांना विरोध करण्यासाठी तरुण जमले, आणि त्यांच्यामध्ये हुडका घेऊन गिर्दा उभे राहिले. इंग्रजी अमदानीत अल्मोड्याचे कवी गौरीदत्त पांडे, म्हणजे ‘गौर्दा’, यांनी वृक्षांच्या विलापावर एक कविता रचली होती. गिर्दांनी ती नव्या काळासाठी नव्याने घडविली. जुन्या कवीची झाडे विलाप करीत होती. गिर्दांच्या गाण्यात हिमालयच आपल्या लेकरांना साद घालू लागला. शोकाचे आवाहन झाले. दोन पिढ्यांमधले हे अंतर एका माणसाने दोन-चार शब्द हलवून ओलांडले.

त्यानंतर पहाडात असे मोठे आंदोलन क्वचितच झाले असेल की ज्यात त्यांचे गाणे नव्हते. १९८४ साली दारूच्या विरोधात ‘नशा नको, रोजगार द्या’ अशी हाक उठली, तेथे गिर्दा होते. अखेरच्या वर्षांत नद्या बोगद्यांत कोंडल्या जाऊ लागल्या, तेव्हा पाण्याच्या व्यापाऱ्यांना उद्देशून त्यांनी रचना केल्या. मुलांसाठी ‘शाळा कशी असावी’ याचे साधेसे स्वप्न त्यांनी एका कवितेत मांडले. फैज अहमद फैज यांचे श्रमिकांच्या हक्काचे गीत त्यांनी कुमाऊँनीत आणले, ती रीत तर भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावी अशी आहे. मूळ गीतात जगातल्या ‘कष्टकऱ्यां’चा एकत्रित उल्लेख येतो. गिर्दांनी त्या मोघम शब्दाला हात जोडले आणि त्याच्या जागी आपल्या गावचा गवंडी, बुरूड, लोहार आणि हमाल यांना नावानिशी उभे केले. ‘कष्टकरी’ हा शब्द ऐकून माणूस मान डोलावतो. आपल्या धंद्याचे नाव ऐकले की तो उठून उभा राहतो.

मराठी श्रोत्याला हे सारे ऐकताना शाहिरांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १९५६ ते १९६० या काळात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी डफावर थाप मारून जे केले, त्याच जातीचे काम १९९४ साली उत्तराखंडाच्या स्वतंत्र राज्यासाठी गिर्दांनी केले. त्या वर्षी सप्टेंबरच्या आरंभी खटीमा आणि मसुरी येथे गोळीबार झाले. ऑक्टोबरच्या आरंभी मुजफ्फरनगरजवळ रामपूर तिठ्यावर दिल्लीला निघालेल्या आंदोलकांवर अनन्वित अत्याचार झाले. अफवांचे पीक माजले होते. अशा दिवसांत ‘नैनिताल समाचार’ या पाक्षिकाच्या मंडळींनी संध्याकाळी भर चौकात बातमीपत्र वाचून दाखविण्याचा उपक्रम सुरू केला, आणि त्यासाठी गिर्दा ताज्या घटनेवर ताजा छंद रचून गाऊ लागले. पुढे २००२ साली ‘उत्तराखंड काव्य’ या नावाने ती कविता पुस्तकरूपाने आली. आरंभी मी छंदाच्या ज्या दोन अर्थांचा उल्लेख केला, ते येथे एक झालेले दिसतात. मात्रांनी बांधलेला छंद आणि मनाची ओढ. आणि या दोहोंच्या जोडीला तिसरी गोष्ट, ती म्हणजे बातमीची सत्यता. संतापलेल्या जमावाला त्या काळी घोषणेपेक्षा खऱ्या बातमीची गरज अधिक होती, आणि ती गाऊन सांगितल्यामुळे लोक ती शांतपणे ऐकून घेत.

९ नोव्हेंबर २००० रोजी नवे राज्य जन्माला आले. विजयानंतर पुष्कळ शाहीर मौन धरतात, काही मानधन स्वीकारतात. गिर्दांनी हुडका खाली ठेवला नाही. ज्यासाठी राज्य मागितले ते झाले काय, गावातला तरुण घराला कुलूप लावून खाली का उतरतो आहे, असे प्रश्न ते स्वकीयांच्या राज्यालाही विचारीतच राहिले. मात्र त्यांच्या प्रश्नांत कडवटपणा नव्हता. त्यांचे सर्वांत लाडके झालेले गीत ‘जैंता’ नावाच्या एका स्त्रीला धीर देणारे आहे. तो चांगला दिवस या जगात कधीतरी येईल; तो मी आणला नाही आणि तूही आणला नाहीस, तरी कोणीतरी आणील; एवढाच त्याचा आशय. हे आश्वासन देणारा माणूस स्वतःला त्या दिवसाच्या मानकऱ्यांतून वगळतो आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या साध्या गीताचा पल्ला कळतो.

मी गिर्दांना पाहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त दोन आठवडे नैनितालला राहण्याचा योग आला, तेव्हा ते जाऊन बराच काळ लोटला होता. तरीही त्या मुक्कामात ‘गिर्दा असते तर यावर काय म्हणाले असते?’ हा प्रश्न मी तीन निरनिराळ्या माणसांच्या तोंडून ऐकला. एकदा पुस्तकांच्या दुकानात, एकदा चहाच्या टपरीवर, आणि एकदा चक्क एका सरकारी बैठकीनंतर. खांद्याला झोळी, अंगात कुडता, बोटांत विडी, असे त्यांचे वर्णन प्रत्येकाने वेगळ्या शब्दांत, पण तेच केले. गावाच्या स्मृतीत एवढे ठसठशीत चित्र उमटायला अधिकार लागत नाही, संपत्ती लागत नाही. मग काय लागते, हा विचार मला तेव्हापासून सोडीत नाही.

आम्ही शासनाची चाकरी करणारी माणसे ‘जनभावना’ हा शब्द दिवसातून कितीतरी वेळा लिहितो. तो अहवालात येतो, टिपणीत येतो, आणि तेथेच फाइलीच्या फितीखाली झोपी जातो. जनतेची भावना जाणण्यासाठी आमच्यापाशी नमुने आहेत, तक्ते आहेत, तक्रारपेट्या आहेत. पण नैनितालच्या एका कनिष्ठ दर्जाच्या सरकारी कलावंताला ती भावना ज्या मार्गाने कळली, तो मार्ग आमच्या कोणत्याही नियमपुस्तिकेत नाही. तो मार्ग छंदाचा होता. लावणीच्या बांधावर, होळीच्या रिंगणात, नाटकाच्या तालमीत, दमाई गायकाच्या ओसरीवर जो माणूस कामाशिवाय जाऊन बसतो, त्याच्यापुढे लोक मन मोकळे करतात. कारण तो काही न्यायला आलेला नसतो. शिस्तीचा प्रश्न मी टाळू इच्छीत नाही. सरकारी नोकराने सरकारच्या धोरणाविरुद्ध चौकात गावे काय, याला नियमांचे उत्तर सरळ आहे. परंतु ज्या लिलावांविरुद्ध १९७७ साली गाणी गाइली गेली, त्या जंगलतोडीचे तोटे पुढे शासनालाच मान्य करावे लागले, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी उंच पहाडातली हिरवी झाडे तोडण्यावर बंदी आली. तेव्हा राज्याशी एकनिष्ठ कोण होते, हिशोबाची वही सांभाळणारे की झाडांचे गाणे गाणारे, याचा निवाडा नियमपुस्तिकेवर सोडता येत नाही. लोकांचा आवाज वेळेवर कानी घालणारा सेवक हा शासनाचा खरा हितकर्ता असतो, असे मला वाटते. मग तो आवाज टिपणीच्या भाषेत नसला तरी बिघडत नाही.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. असा माणूस स्वतःसाठी फारसे काही मागे ठेवीत नाही. त्याचा वेळ दहा जागी वाटला जातो. एका नाटकाची तालीम, दुसऱ्याच्या अंकाची तयारी, तिसऱ्याच्या मोर्चासाठी गाणे, चौथ्याच्या मुलाची शिकवणी, यांत त्याच्या नावावर जाड ग्रंथ जमा होत नाहीत. ‘पहाड’सारख्या संस्थेच्या संपादनकार्यात गिर्दांचा वाटा होता, काही संकलने त्यांच्या हातून झाली; तरी त्यांच्या रचनांचे खरे वसतिस्थान माणसांच्या कंठांत आहे. कागद जपला तर टिकतो. कंठातले गाणे गायले तरच टिकते. म्हणून अशा कवीचे स्मारक उभारणे हे शिल्पकाराचे काम नव्हे, ते गाणाऱ्यांचे काम आहे.

२२ ऑगस्ट २०१० रोजी गिर्दा गेले. त्यांच्या अंत्ययात्रेस सारे नैनिताल लोटले. आपल्याकडे अशा प्रसंगी मौन पाळतात, मंत्र म्हणतात. तेथे लोक त्यांचीच गाणी म्हणत चालले होते, आणि त्यात स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. ज्याने आयुष्यभर गावाला गायला लावले, त्याला गावाने गातच निरोप दिला. जैंतेला दिलेला धीर त्या दिवशी गावाने एकमेकांना दिला असेल.

आपल्या प्रत्येकाच्या गावात असा एखादा छांदिष्ट असतो. कोणी जुन्या ओव्या गोळा करीत असतो, कोणी पडक्या देवळासमोर पोरांकडून नाटक बसवून घेत असतो, कोणी दर आषाढीला विसरलेल्या चालीवर अभंग म्हणत असतो. आपण त्याला कौतुकाने हसतो आणि कामाला निघून जातो. त्याला सनदा नकोत, मानपत्रे नकोत. त्याच्याजवळ दोन घटका बसावे, त्याने एक ओळ म्हटली तर ती उचलून धरावी, आणि तालुक्याच्या गावी एखादे सभागृह मोकळे असेल तर त्याची किल्ली त्याच्या हाती द्यावी, एवढे तरी आपल्याला करता येण्याजोगे आहे. कारण गावाला आपला आवाज आहे, ही गोष्ट गावाला पुष्कळदा अशाच एखाद्या माणसामुळे कळते. आणि तो असताना कळली, तर अधिक बरे.